एका सबनेटवरील स्थानिक मल्टिकास्ट दुसऱ्या सबनेटवर नेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरातील किंवा छोट्या कार्यालयातील एकाच राउटरवर ज्यांनी दोन किंवा अधिक सबनेट (एकाच जाळ्याचे वेगळे भाग) केले आहेत आणि त्यानंतर ज्यांना टीव्ही, प्रिंटर किंवा स्पीकर फोनवर दिसेनासे झाले आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. सर्व उत्तरांत एकच मांडणी गृहीत धरली आहे. फोन आणि संगणक १९२.१६८.१०.० या सबनेटवर आहेत, त्याला आपण ‘घर’ म्हणू. टीव्ही, प्रिंटर, कॅमेरे इत्यादी १९२.१६८.२०.० वर आहेत, त्याला ‘उपकरणे’ म्हणू. दोन्ही सबनेट वेगवेगळ्या व्हीलॅनवर (त्याच स्विचवर आखलेल्या आभासी जाळ्यांवर) असून मध्ये ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवर आधारित प्रणाली चालवणारा राउटर आहे. इतर राउटरांवर सेटिंगची नावे बदलतील, तत्त्व बदलणार नाही.

सबनेट वेगळे केल्याबरोबर फोनला टीव्ही दिसेनासा का झाला?

फोनला टीव्हीचा पत्ता आधीपासून माहीत नसतो. तो विचारून घ्यावा लागतो. हा प्रश्न कोणा एका यंत्राला न पाठवता २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट (एकाच वेळी अनेक यंत्रांसाठी असलेल्या) पत्त्यावर, यूडीपीच्या ५३५३ क्रमांकाच्या पोर्टवर पाठवला जातो आणि त्या पत्त्यावर कान देऊन असलेली यंत्रे उत्तर देतात. ही पद्धत म्हणजे एमडीएनएस (मल्टिकास्ट डीएनएस). तिचे प्रमाणित वर्णन फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या प्रमाण दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. सेवा शोधण्याचा भाग त्याच्याच पाठोपाठच्या ६७६३ मध्ये आहे. आता २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा संपूर्ण पट्टा एकाच जोडणीपुरता राखीव आहे. त्यातील पॅकेट राउटरने पुढे पाठवायचेच नसते, त्याचा टीटीएल (किती राउटर ओलांडता येतील तो आकडा) कितीही असो. त्यामुळे फोनचा प्रश्न ‘घर’ सबनेटच्या हद्दीतच संपतो. राउटर बिघडलेला नसतो. तो नियमानुसारच वागत असतो.

याची खात्री करून घेणे सोपे आहे. संगणकावरून टीव्हीच्या पत्त्याला पिंग करून पाहावे. पिंगला उत्तर येते आणि ॲपमध्ये मात्र टीव्ही दिसत नाही, असे असेल तर दोन सबनेटमधला रस्ता मोकळा आहे आणि फक्त शोध अडला आहे. शोध आणि संवाद या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे एकदा मनात पक्के झाले की पुढील बहुतेक गोंधळ टळतात. म्हणून या पानावर तो भेद पुन्हा पुन्हा येईल.

मग राउटरवर मल्टिकास्ट फॉरवर्डिंग सुरू केले की झाले, नाही का?

एमडीएनएससाठी नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये (गाभ्यात) मल्टिकास्ट पुढे पाठवण्याची सोय आहे आणि एसएमसीरूट किंवा आयजीएमपीप्रॉक्सी यांसारखे प्रोग्रॅम तिचाच वापर करतात. परंतु आत आलेले पॅकेट २२४.०.०.० च्या राखीव पट्ट्यातील असेल, तर कर्नल ते पुढे पाठवणाऱ्या भागाकडे सोपवतच नाही. त्यामुळे एसएमसीरूटमध्ये २२४.०.०.२५१ साठी कितीही काळजीपूर्वक मार्ग लिहिला, तरी त्याचा उपयोग होत नाही. हे मुद्दाम सविस्तर सांगण्याचे कारण असे की पुष्कळ लोक नेमक्या याच ठिकाणी सेटिंगमध्ये काहीतरी राहिले असेल असे समजून वेळ घालवतात.

आयजीएमपीप्रॉक्सीचे काम तर वेगळेच आहे. सेवा पुरवठादाराकडून येणारे आयपीटीव्हीचे चित्रवाणी प्रवाह बाहेरून आत आणण्यासाठी तो आहे. घरातील दोन सबनेटमधील शोधासाठी तो वापरू नये.

टीटीएल वाढवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो बरोबर आहे का?

कोणत्या मल्टिकास्टविषयी बोलत आहोत, त्यावर ते अवलंबून आहे. एमडीएनएसची पॅकेटे मुळातच २५५ टीटीएलने पाठवावीत असे प्रमाणात म्हटले आहे, म्हणजे तेथे अडसर टीटीएलचा नाहीच. पत्त्याच्या पट्ट्याचा आहे. एसएसडीपी या उपकरणे शोधण्याच्या दुसऱ्या पद्धतीच्या बाबतीत मात्र हा सल्ला लागू पडू शकतो. एसएसडीपी २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर चालते, तो पत्ता राखीव पट्ट्यात नाही आणि म्हणून राउटर ती पॅकेटे पुढे पाठवू शकतो. एसएसडीपी ज्याचा भाग आहे त्या यूपीएनपी प्रमाणाच्या पहिल्या आवृत्तीत टीटीएल ४ आणि १.१ मध्ये २ असावा असे सांगितले आहे, पण काही उपकरणे १ नेच पाठवतात. असे पॅकेट राउटरवर पोहोचताच त्याचा टीटीएल संपतो. तेथे मार्ग ठरण्यापूर्वीच्या टप्प्यावर, म्हणजे मँगल टेबलच्या प्रीराउटिंगमध्ये, टीटीएल एकाने वाढवणारा नियम उपयोगी पडतो. तो फक्त त्या एका पत्त्यापुरता आणि त्या एका इंटरफेसपुरता (राउटरच्या त्या सबनेटकडील जोडणीपुरता) लिहावा.

एमडीएनएस पुढे पाठवता येत नसेल, तर ते दुसऱ्या सबनेटवर जाते कसे?

ते पुढे पाठवले जात नाही, पुन्हा उच्चारले जाते. राउटरवर एक प्रोग्रॅम चालतो. तो दोन्ही सबनेटवर एक साधा श्रोता म्हणून बसलेला असतो. ‘घर’ बाजूला ऐकलेला प्रश्न तो ‘उपकरणे’ बाजूला स्वतःच्या, म्हणजे १९२.१६८.२०.१ या पत्त्यावरून नव्याने विचारतो आणि तेथून आलेले उत्तर ‘घर’ बाजूला स्वतःच्या १९२.१६८.१०.१ या पत्त्यावरून पुन्हा सांगतो. याला रिफ्लेक्टर किंवा रिपीटर म्हणतात.

पॅकेट कोणाकडून आले हे अशा रीतीने बदलते, पण त्याच्या आतील मजकूर बदलत नाही, आणि संपूर्ण योजना त्यावरच उभी आहे. समजा प्रिंटरचे उत्तर आले. त्यात आयपीपी या छपाई सेवेचा प्रिंटर अमुक नावाचा आहे, तो ६३१ क्रमांकाच्या पोर्टवर भेटेल, त्याची वैशिष्ट्ये ही आहेत आणि त्याचा पत्ता १९२.१६८.२०.१५ आहे, अशा नोंदी असतात. रिफ्लेक्टर या नोंदी जशाच्या तशा सांगतो. फोन त्या वाचतो आणि थेट १९२.१६८.२०.१५ शी जोडणी करतो. ही जोडणी नेहमीची युनिकास्ट (एका यंत्राकडून एकाच यंत्राकडे जाणारी) जोडणी असते, ती राउटरमधून नेहमीच्या पद्धतीने जाते आणि रिफ्लेक्टरचा तिच्याशी काही संबंध उरत नाही. शोधाचे काम रिफ्लेक्टरचे, संवादाची परवानगी फायरवॉलची.

ओपनडब्ल्यूआरटीवर हे प्रत्यक्षात कसे बसवावे?

अवाही हा या कामासाठी सर्वांत परिचित प्रोग्रॅम आहे. ओपनडब्ल्यूआरटीवर त्याची डी-बससहित (डी-बस म्हणजे प्रोग्रॅमांनी आपसांत बोलण्याची यंत्रणा) आणि डी-बसविरहित अशी दोन पॅकेजे मिळतात. राउटरवर केवळ रिफ्लेक्टर चालवायचा असेल तर डी-बसविरहित पॅकेज पुरते आणि जागाही कमी घेते. यूएमडीएनएस नावाचे ओपनडब्ल्यूआरटीचे स्वतःचे पॅकेजही आहे, मात्र ते रिफ्लेक्टर नव्हे. राउटरची नावनोंदणी करणे आणि आसपासच्या सेवा ऐकणे एवढेच ते करते.

अवाहीच्या सेटिंग फाइलमध्ये दोन बदल पुरेसे असतात. ‘रिफ्लेक्टर’ या विभागातील ‘एनेबल-रिफ्लेक्टर’ या ओळीचे मूल्य ‘येस’ करावे आणि ‘सर्व्हर’ या विभागातील ‘अलाउ-इंटरफेसेस’ या ओळीत ‘घर’ आणि ‘उपकरणे’ या दोनच इंटरफेसांची नावे लिहावीत. दुसरा बदल टाळू नये. ती ओळ रिकामी ठेवली तर अवाही मिळतील ते सर्व इंटरफेस धरतो. त्यात बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारा इंटरफेसही येतो, आणि घरातील यंत्रांची नावे पुरवठादाराच्या जाळ्याकडे सांगितली जाण्याचे काहीही कारण नाही.

‘रिफ्लेक्टर’ विभागातच ‘रिफ्लेक्ट-आयपीव्ही’ अशीही एक ओळ असते. आयपीव्ही४ वर ऐकलेले आयपीव्ही६ वर आणि उलट सांगावे का, असा तिचा अर्थ आहे. ती बंदच ठेवावी. तिच्यामुळे गोंगाट वाढतो आणि लाभ क्वचितच होतो. आवृत्ती ०.८ किंवा त्यानंतरची असेल, तर ‘रिफ्लेक्ट-फिल्टर्स’ या ओळीत ठरावीक सेवांचीच नावे देता येतात, जेणेकरून फक्त छपाईच्या आणि चित्रवाणीच्या सेवा पलीकडे जातील. माझ्या मते ही ओळ पहिल्याच दिवशी भरावी.

माझा राउटर दुसरा आहे. मला काय करावे लागेल?

पीएफसेन्सवर अवाहीचे पॅकेज मिळते. ओपीएनसेन्सवर एमडीएनएस रिपीटरचे प्लगइन आहे. यूनिफायच्या गेटवेमध्ये मल्टिकास्ट डीएनएस नावाचे सेटिंग आहे. मायक्रोटिकच्या राउटरओएसमध्ये ७.१६ या आवृत्तीपासून डीएनएसच्या सेटिंगमध्येच एमडीएनएस कोणत्या इंटरफेसांवर पुन्हा सांगायचे, याची यादी देता येते. दुकानात मिळणाऱ्या किंवा पुरवठादाराने दिलेल्या साध्या राउटरांमध्ये ही सोय बहुधा नसते.

फायरवॉलमध्ये नेमके काय उघडावे?

दोन वेगळ्या जागी परवानगी लागते आणि बहुतेक तक्रारींचे मूळ त्यांपैकी एक विसरण्यात असते.

पहिली परवानगी राउटरच्या स्वतःच्या दारावरची. रिफ्लेक्टर राउटरवर चालतो, त्यामुळे त्याच्याकडे येणारी पॅकेटे ही पुढे जाणारी वाहतूक नसून राउटरसाठी आलेली वाहतूक असते. सुरक्षिततेसाठी आपण ‘उपकरणे’ या झोनमधून राउटरकडे येणारे सर्व काही नाकारलेले असते आणि डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) व डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) एवढेच उघडे ठेवलेले असते. ते योग्यच आहे. पण मग असे घडते की ‘घर’ बाजूचा प्रश्न रिफ्लेक्टरपर्यंत पोहोचतो, तो ‘उपकरणे’ बाजूला पुन्हा विचारलाही जातो, प्रिंटर उत्तरही देतो आणि ते उत्तर राउटरच्या दारातच टाकून दिले जाते. फायरवॉलला ते आधीच्या प्रश्नाचे उत्तर वाटत नाही, कारण ते प्रश्न विचारणाऱ्याच्या पत्त्यावर न येता २२४.०.०.२५१ वर आलेले असते. म्हणून ‘उपकरणे’ झोनमधून राउटरकडे, यूडीपी ५३५३ वर, २२४.०.०.२५१ या पत्त्यासाठी येणारी पॅकेटे स्वीकारावीत, असा स्वतंत्र नियम लिहावा लागतो.

दुसरी परवानगी संवादाची. ‘घर’ मधून ‘उपकरणे’ कडे जोडणी सुरू करता आली पाहिजे. उलट दिशा बंद ठेवावी. सुरू झालेल्या जोडणीची उत्तरे फायरवॉल आपोआप परत येऊ देते. संपूर्ण दिशा उघडण्याऐवजी मोजके पोर्ट उघडायचे असतील, तर छपाईसाठी टीसीपी ६३१ आणि ९१००, क्रोमकास्टसाठी टीसीपी ८००८ आणि ८००९ यांपासून सुरुवात करता येते. एअरप्लेला मात्र मोजक्या पोर्टांत बसवणे कष्टाचे आहे, कारण ७००० या पोर्टनंतर त्यातील ध्वनी-चित्राचे प्रवाह बदलत्या पोर्टांवर चालतात आणि काही वेळा यंत्राला फोनकडे स्वतःहून पॅकेटे पाठवावी लागतात. अशा वेळी त्या एका टीव्हीच्या पत्त्यापुरती सैल परवानगी देणे मला अधिक व्यवहार्य वाटते; सगळ्या सबनेटला सूट देऊ नये.

नेमके कुठे अडते आहे, हे कसे शोधावे?

राउटरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटे दाखवणारा प्रोग्रॅम) बसवावे आणि ५३५३ पोर्टची वाहतूक एकेका इंटरफेसवर पाहावी. प्रथम ‘घर’ बाजूला फोनचा प्रश्न दिसतो का ते पाहावे. तो दिसत नसेल तर दोष वाय-फायमध्ये किंवा स्विचमध्ये आहे, राउटरच्या सेटिंगमध्ये शोधून काही मिळणार नाही. तो दिसला, तर ‘उपकरणे’ बाजूला तोच प्रश्न १९२.१६८.२०.१ या पत्त्यावरून बाहेर पडताना दिसला पाहिजे. नाही दिसला तर रिफ्लेक्टर चालू नाही, किंवा त्याच्या यादीत तो इंटरफेस नाही.

यानंतर प्रिंटरचे उत्तर पाहावे, आणि येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. आत येणारी पॅकेटे टीसीपीडंपला फायरवॉलच्या आधी दिसतात. म्हणून ‘उपकरणे’ इंटरफेसवर उत्तर दिसले याचा अर्थ ते रिफ्लेक्टरला मिळाले असा होत नाही. उत्तर ‘उपकरणे’ बाजूला दिसते आणि ‘घर’ बाजूला पुन्हा सांगितले जात नाही, असे असेल तर वर सांगितलेली पहिली परवानगी तपासावी. दहापैकी बहुतेक वेळा तेथेच चूक सापडते. ‘घर’ बाजूलाही उत्तर दिसत असेल, तर शोधाचे काम पूर्ण झाले आहे आणि पुढील अडचण संवादाची आहे.

ॲपमध्ये नाव दिसते, पण जोडणी होत नाही. का?

दुसरी परवानगी दिलेली असूनही असे होत असेल, तर तीन कारणे पाहण्यासारखी आहेत.

सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण म्हणजे उपकरणाला गेटवेच (दुसऱ्या सबनेटकडे नेणाऱ्या राउटरचा पत्ता) दिलेला नसणे. अनेक कॅमेरे आणि जुने प्रिंटर बसवताना हाताने आयपी पत्ता दिला जातो आणि गेटवेचा रकाना तसाच सोडला जातो. एकाच सबनेटवर असताना याने काही बिघडत नाही. सबनेट वेगळे झाल्यावर मात्र फोनचे पॅकेट उपकरणापर्यंत पोहोचते आणि उपकरणाला उत्तर कोणत्या वाटेने पाठवायचे हे ठाऊक नसते. गेटवे म्हणून १९२.१६८.२०.१ लिहिले, की प्रश्न मिटतो.

दुसरे कारण म्हणजे उपकरण मुद्दामच परक्या सबनेटला नकार देते. विंडोजचा फायरवॉल फाइल आणि प्रिंटर शेअरिंगचे नियम खासगी नेटवर्कवर फक्त स्थानिक सबनेटपुरते लागू करतो, म्हणून विंडोज संगणकावरून शेअर केलेला प्रिंटर पलीकडून वापरता येत नाही. तेथे त्या नियमाच्या व्याप्तीत १९२.१६८.१०.० हे सबनेट वाढवावे. ज्या उपकरणांत असे सेटिंगच नसते, त्यांच्यासाठी राउटरवर त्या एका पत्त्याकडे जाणाऱ्या जोडण्यांचा मूळ पत्ता बदलून राउटरचा करणारा नॅट नियम लिहिता येतो. उपकरणाला मग शेजारच्याच १९२.१६८.२०.१ वरून कोणी बोलत आहे असे वाटते. गेटवे भरण्याची सोय नसलेल्या उपकरणांनाही हाच उपाय लागू पडतो.

तिसरे कारण आयपीव्ही६ चे आहे. उपकरणाच्या उत्तरात त्याचा एफई८० ने सुरू होणारा लिंक-लोकल पत्ताही असू शकतो आणि रिफ्लेक्टर तोही इमानाने सांगतो. तो पत्ता दुसऱ्या सबनेटवरून कधीच गाठता येत नाही. काही ॲप आधी तो वापरून पाहतात, मग काही सेकंद थांबतात आणि नंतर आयपीव्ही४ कडे वळतात. काही वळतच नाहीत. दोन्ही सबनेटना राउटरवरून यूएलए प्रकारचे (घरापुरते खासगी) पत्ते दिले, तर उपकरणाजवळ गाठता येईल असा आयपीव्ही६ पत्ताही राहतो. मॅटर या स्मार्ट घराच्या प्रमाणाची उपकरणे आयपीव्ही६ वरच चालतात, त्यामुळे त्यांच्यासाठी हे अधिकच गरजेचे आहे. तरीही मॅटरचा नियंत्रक आणि त्याची उपकरणे एकाच सबनेटवर ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

एसएसडीपी वापरणारी उपकरणे अवाहीने का दिसत नाहीत?

कारण ती एमडीएनएस बोलतच नाहीत. डीएलएनए मीडिया सर्व्हर (टीव्हीला घरातील चित्रफिती पुरवणारी यंत्रे) आणि अनेक टीव्ही १९०० या पोर्टवर, २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर एसएसडीपी वापरतात; ओएनव्हीआयएफ प्रमाणाचे कॅमेरे त्याच पत्त्यावर पण ३७०२ या पोर्टवर डब्ल्यूएस-डिस्कव्हरी वापरतात. यांच्यासाठी एसएमसीरूटने मार्ग लिहिता येतो किंवा यूडीपी ब्रॉडकास्ट रिले प्रकारचा प्रोग्रॅम वापरता येतो.

एसएसडीपीची उत्तर देण्याची रीत वेगळी असल्यामुळे फायरवॉलचा विचारही वेगळा करावा लागतो. प्रश्न मल्टिकास्टवर जातो, पण उत्तर थेट विचारणाऱ्याच्या पत्त्यावर आणि त्याने ज्या पोर्टवरून विचारले त्या पोर्टवर युनिकास्टने येते. म्हणून येथे प्रश्न पलीकडे नेताना विचारणाऱ्याचा मूळ पत्ता तसाच ठेवावा लागतो. तो बदलला तर उत्तर राउटरकडे येऊन तेथेच संपेल. आता १९२.१६८.२०.३० या टीव्हीकडून १९२.१६८.१०.५० या फोनकडे उत्तर निघाले, की फायरवॉल आपल्या नोंदी चाळतो. त्याच्याकडे नोंद आहे ती फोनने २३९.२५५.२५५.२५० ला काही पाठवल्याची. टीव्हीच्या पत्त्याशी जुळणारी नोंद नाही, म्हणून उत्तर अनाहूत ठरते आणि अडवले जाते. त्यासाठी ‘उपकरणे’ मधून ‘घर’ कडे, मूळ पोर्ट १९०० असलेल्या यूडीपी पॅकेटांना परवानगी द्यावी लागते आणि डब्ल्यूएस-डिस्कव्हरीसाठी मूळ पोर्ट ३७०२ ला.

ही परवानगी उलट दिशेची आहे, याची जाणीव ठेवावी. जिचा मूळ पोर्ट १९०० आहे अशी कोणतीही यूडीपी वाहतूक तिच्यातून येऊ शकते. म्हणून ती नेमक्या टीव्हीच्या किंवा कॅमेऱ्याच्या पत्त्यापुरतीच द्यावी. कॅमेरा एकदा जोडून झाला की बहुतेक रेकॉर्डर त्याचा पत्ता लक्षात ठेवतात. तेव्हा शोधाची परवानगी काढून घेतली तरी चालते.

उपकरण सुरुवातीला दिसते आणि चार-पाच मिनिटांनी नाहीसे होते. हे काय आहे?

हे स्विचच्या आयजीएमपी स्नूपिंगचे लक्षण आहे. स्नूपिंग चालू असलेला स्विच कोणत्या पोर्टवरील (येथे पोर्ट म्हणजे केबल लावण्याची खाच) यंत्राला कोणता मल्टिकास्ट गट हवा आहे, हे ऐकून ठेवतो आणि तेवढ्याच पोर्टांवर ती पॅकेटे सोडतो. यंत्रे सुरू होताना आपला गट कळवतात. नंतर मात्र कोणीतरी विचारल्याशिवाय ती सहसा पुन्हा कळवत नाहीत. विचारण्याचे हे काम क्वेरियरचे असते. नेहमीच्या मूल्यांनुसार क्वेरियर दर १२५ सेकंदांनी विचारतो आणि २६० सेकंदांत कोणाचेही उत्तर आले नाही, तर स्विच ते सदस्यत्व रद्द समजतो. त्या सबनेटवर क्वेरियरच नसेल, तर सव्वाचार मिनिटांनंतर टीव्ही स्विचच्या यादीतून निघून जातो. उपाय म्हणजे त्या व्हीलॅनवर राउटर किंवा स्विच यांपैकी एकाला क्वेरियर करणे. ते जमत नसेल तर छोट्या जाळ्यात स्नूपिंग बंद करण्यानेही काही नुकसान होत नाही.

हे प्रामुख्याने २३९ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांबाबत होते. २२४.०.०.२५१ ची पॅकेटे स्नूपिंग चालू असतानाही सर्व पोर्टांवर सोडावीत अशी शिफारस २००६ च्या आरएफसी ४५४१ मध्ये आहे, पण प्रत्येक स्वस्त स्विच ती पाळतोच असे नाही.

यापेक्षा वेगळे लक्षण म्हणजे बंद केलेला प्रिंटर तासभर यादीत दिसत राहणे. एमडीएनएसमध्ये पत्त्याच्या नोंदीची मुदत सहसा १२० सेकंद आणि सेवेच्या नोंदीची ७५ मिनिटे असते. यंत्र रीतसर बंद झाले तर ते निरोपाचे पॅकेट पाठवते. थेट प्लग काढला तर तसे घडत नाही, मुदत संपेपर्यंत नाव राहते. हा दोष नव्हे.

वाय-फायवर याचा ताण पडतो का?

पडतो. वाय-फायवर मल्टिकास्टचे पॅकेट सर्वांना ऐकू जावे म्हणून कमी वेगाने पाठवले जाते, पोहोच मिळाल्याची पावती नसते आणि पाठवताना हवेतील वेळ इतरांपासून हिरावला जातो. रिफ्लेक्टरमुळे प्रत्येक सबनेटचा गोंगाट प्रत्येक सबनेटवर जातो, म्हणून पाच-सहा सबनेट एकमेकांना जोडण्याआधी खरोखर कोणाला कोणाची गरज आहे ते लिहून काढावे. ॲक्सेस पॉइंटमध्ये मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करण्याची सोय असेल तर ती वापरून पाहावी. ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असल्यास एकाच वाय-फायवरील यंत्रांना एकमेकांचे मल्टिकास्ट ऐकू येत नाही, हेही तपासावे.

संगणकाच्या नावापुढे आपोआप २, ३ असे आकडे का लागतात?

आपलेच नाव दुसऱ्या कोणाकडून ऐकू आले की यंत्र ते नाव घेतले गेले आहे असे समजते आणि स्वतःचे नाव बदलते. केबल आणि वाय-फाय यांनी एकाच वेळी दोन्ही सबनेटवर असलेला लॅपटॉप हे याचे नेहमीचे कारण आहे, कारण त्याचीच एका बाजूची घोषणा रिफ्लेक्टर त्याला दुसऱ्या बाजूने ऐकवतो. त्या यंत्राची एक जोडणी बंद करावी.

त्याहून गंभीर कारण म्हणजे त्याच दोन सबनेटमध्ये दोन रिफ्लेक्टर असणे; उदाहरणार्थ राउटरवर एक आणि वाय-फाय कंट्रोलरवर दुसरा. एकाने सांगितलेले दुसरा परत सांगतो, ते पहिला पुन्हा सांगतो, आणि जाळे या घोषणांनीच भरून जाते. दोन सबनेटमध्ये एकच रिफ्लेक्टर, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये.

पुरवठादाराचा राउटर आणि त्याच्यामागे माझा राउटर अशी रचना आहे. टीव्ही पहिल्यावर आणि फोन दुसऱ्यावर आहे. रिफ्लेक्टर चालेल का?

फायबरची जोडणी घेतलेल्या पुष्कळ घरांत अशीच रचना असते. आपल्या राउटरचा बाहेरचा इंटरफेस तेथे प्रत्यक्षात घरातीलच एक सबनेट असतो, त्यामुळे तो रिफ्लेक्टरच्या यादीत घेतला आणि त्या बाजूने ५३५३ ऐकण्याची परवानगी दिली, तर फोनला टीव्ही दिसतो. फोनकडून टीव्हीकडे जोडणी नॅटमधून जाते आणि चालते. उलट मांडणी असेल, म्हणजे फोन पुरवठादाराच्या वाय-फायवर आणि टीव्ही आपल्या राउटरमागे, तर नाव दिसूनही जोडणी होणार नाही, कारण पुरवठादाराच्या राउटरला आतल्या सबनेटचा मार्गच माहीत नसतो. यापेक्षा पुरवठादाराचे यंत्र ब्रिज मोडमध्ये (राउटरचे काम न करता फक्त जोडणी पुढे देण्याच्या स्थितीत) टाकून घ्यावे किंवा त्याचे वाय-फाय बंद करून सर्व यंत्रे आपल्याच राउटरवर आणावीत. ते शक्य असताना रिफ्लेक्टरची ठिगळे जोडत बसू नये.

व्हीपीएनवरून घरचा प्रिंटर आपोआप दिसावा, असे करता येईल का?

करता येते, पण मी तसे सुचवणार नाही. वायरगार्ड या व्हीपीएनचा इंटरफेस मल्टिकास्टसाठी बनलेला नाही. अवाहीमध्ये पॉइंट-टू-पॉइंट इंटरफेसांना वेगळी परवानगी द्यावी लागते आणि दोन्ही टोकांच्या अनुमत पत्त्यांत मल्टिकास्टचा पत्ता घालावा लागतो. एवढे करण्यापेक्षा प्रिंटरला डीएचसीपीमध्ये कायमचा पत्ता द्यावा, राउटरच्या डीएनएसमध्ये त्याला साधे नाव द्यावे आणि ते नाव एकदाच हाताने जोडावे. युनिकास्ट डीएनएसला सबनेटची सीमा नाही.

पाहुण्यांच्या वाय-फायवरही रिफ्लेक्टर सुरू ठेवावा का?

सरसकट नाही. रिफ्लेक्टर फक्त टीव्हीचे नाव सांगत नाही. फोन आणि लॅपटॉप यांची नावे, जी अनेकदा माणसाच्या नावासहित असतात, तीही सांगतो. शिवाय एमडीएनएसमध्ये कोणीही काहीही घोषित करू शकतो. एखादे दूषित उपकरण स्वतःला प्रिंटर म्हणवून घेऊ लागले, तर फोनला ते खोटे आहे हे समजण्याचा मार्ग नाही. पाहुण्यांनी टीव्हीवर छायाचित्रे दाखवावीत असे वाटत असेल, तर पाहुणे आणि ‘उपकरणे’ यांच्यात गाळणीसहित रिफ्लेक्टर द्यावा आणि ‘घर’ त्यातून वगळावे. मात्र अवाही यादीतील प्रत्येक इंटरफेसचे प्रत्येक इंटरफेसवर सांगतो, तीन इंटरफेसांत असा भेद करत नाही; त्यासाठी जोडीगणिक नियम लिहू देणारा रिपीटर किंवा टीव्हीचे वेगळे सबनेट लागते.

महाविद्यालय किंवा मोठ्या कार्यालयात हीच पद्धत वापरावी का?

नाही. शेकडो यंत्रांच्या घोषणा प्रत्येक सबनेटवर पुन्हा सांगणे वाय-फायला झेपत नाही. त्यासाठी जून २०२० मध्ये आरएफसी ८७६६ मध्ये डिस्कव्हरी प्रॉक्सीचे प्रमाण आले. त्यात प्रॉक्सी प्रत्येक सबनेटवर गरजेपुरताच एमडीएनएसचा प्रश्न विचारतो आणि मिळालेले उत्तर दूरच्या यंत्राला नेहमीच्या युनिकास्ट डीएनएसने देतो, म्हणजे मल्टिकास्ट आपल्या सबनेटच्या बाहेर पडतच नाही. मोठ्या वाय-फाय यंत्रणांच्या कंट्रोलरमध्ये एमडीएनएस गेटवे या नावाने सेवानिहाय आणि वापरकर्त्यांच्या गटांनुसार नियम लिहिण्याची सोय असते. ती उपलब्ध असेल तर प्रत्येक वर्गाला त्याच्याच खोलीतील प्रोजेक्टर दिसेल, अशी मांडणी करता येते.